घरच्या घरी चामड्याची हातपिशवी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नांदेड येथे दिलेले व्याख्यान)



संत रोहिदास महाराजांस वंदन करून आम्ही बोलावयास उभे आहोत. कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली होती. हा विषय या व्यासपीठावरून पुष्कळदा बोलला गेला आहे. आम्हीही तो दोन वेळा बोललो आहोत. शिक्षणाचे महत्त्व आता आपल्या घराघरांस पटलेले आहे. निदान पटलेले नाही असे उघडपणे कोणी म्हणत नाही. तेव्हा मंडळाची परवानगी घेऊन आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. आपल्या लेकीसुना खांद्यास अडकवून नेतात ती चामड्याची हातपिशवी, जिला दुकानात पर्स किंवा हँडबॅग म्हणतात, ती घरच्या घरी कशी शिवावी, हा तो विषय होय. मागील बाजूस काही तरुण हसत आहेत. त्यांनी हसावे, परंतु शेवटपर्यंत बसावे, एवढीच विनंती.

प्रथम एक बातमी सांगतो. दिनांक 10 जुलै 2025 रोजी पॅरिस शहरी सदबीज या लिलावगृहात चामड्याची एक काळी हातपिशवी विकली गेली. पिशवी नवी नव्हती. जेन बर्किन या नटीने ती वर्षानुवर्षे वापरलेली होती, तिच्यावर ओरखडे होते, डाग होते. तिला किंमत आली 86 लाख युरो. आपल्या रुपयांत हा आकडा कित्येक कोटींच्या घरात जातो. ही पिशवी ज्यांनी केली त्या एर्मेस नावाच्या पेढीचा मूळ धंदा कोणता होता? 1837 साली त्या पेढीच्या संस्थापकाने पॅरिसमध्ये घोड्यांचे साज शिवण्याचे दुकान काढले. लगाम, पट्टे! म्हणजे आपल्याच जातीचे काम. मोटारी आल्या, घोडे गेले, तेव्हा त्या घराण्याने साजाची शिवण पिशवीला लावली. तेथील कारागीर आजही आरीने भोक पाडतो, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया ओवतो आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढतो.

आता विचार करा. आरी, मेण, दोरा आणि दोन टोके. यांतले कोणते आपल्या घराण्यांस अपरिचित आहे?

आपल्या मराठवाड्यात विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीवर मोट चाले, हे येथील वृद्धांस आठवत असेल. बैलांची जोडी धावेवरून खाली जाई आणि चामड्याची मोट पाण्याने भरून वर येई. मोट म्हणजे तरी काय? ती चामड्याची पिशवीच होय, आणि तीही अशी की जिच्या शिवणीतून पाणी गळता कामा नये. कारण गळत्या मोटेने शेत भिजत नाही आणि शेतकऱ्याच्या शिव्या मात्र भरपूर मिळतात. पखालीचेही तसेच. ज्या हातांनी पाणी धरणारी शिवण घातली, त्या हातांच्या नातवंडांस रुमाल, किल्ल्या आणि फोन धरणारी पिशवी शिवता येऊ नये, असे आम्हांस वाटत नाही.

आता मूळ कामाकडे वळू. आम्ही केवळ मॅट्रिक. परंतु आयुष्यभर फळ्यावर आकृत्या काढल्या असल्यामुळे मापाविषयी आम्हांस थोडी आस्था आहे, आणि चामड्याच्या कामात माप हेच अर्धे काम होय. कापड उसवून पुन्हा शिवता येते. चामड्यास एकदा पडलेले भोक जन्मभर तसेच राहते.

चामडे निवडताना ते कशाने कमावले आहे, हे प्रथम पाहावे. आपले ढोर बांधव पूर्वी बाभळीची साल, हिरडा आणि चुना यांनी कातडे कमावीत. त्यास पुष्कळ दिवस लागत, परंतु असे चामडे ताठ राहते, त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरून तेथे काळसर डाग उमटतो, आणि ओले करून वळविले तर वळण धरून ठेवते. दुसरे क्रोम चामडे. ते रसायनाने थोड्या दिवसांत कमावले जाते, मऊ असते, आणि कापलेल्या कडेत मधोमध पुष्कळदा निळसर करडी रेघ दिसते. नवशिक्याने पहिले चामडे घ्यावे. क्रोम चामड्याचा काठ घासून चमकत नाही. तो मुडपावा लागतो, आणि मुडपणे हे पुढच्या इयत्तेचे काम आहे. 2015 च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीस बंदी झाली, तेव्हापासून आपल्याकडील कामात म्हशीच्या आणि शेळीच्या चामड्याचाच मुख्य आधार आहे. हातपिशवीस म्हशीचे, दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे चामडे उत्तम. आतील खिशास शेळीचे पातळ चामडे पुरते.

दुसरी गोष्ट अंगाची. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट असते आणि पोटाकडचे ताणते. आमच्या सूनबाईंनी शिवलेल्या पहिल्या पिशवीचा पट्टा पोटाकडच्या भागातून कापला गेला, आणि दिवाळीस कमरेशी असलेली पिशवी संक्रांतीस गुडघ्याशी आली. पट्टा नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने लांब कापावा.

आता मापे. वहीत टिपून घ्यावीत, पाठ करण्याची आवश्यकता नाही. मुख्य अंग एकाच तुकड्याचे: रुंदी 11 इंच, लांबी 26 इंच. या 26 इंचांत पुढची बाजू 8, तळ 3, मागची बाजू 8 आणि उरलेले 7 इंच झाकणाचे. झाकणातले 3 इंच तोंड झाकण्यात जातात आणि 4 इंच पुढे लोंबतात. दोन बाजूंच्या पट्ट्या प्रत्येकी 4 इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. त्यांचे दोन उभे काठ आणि खालचा काठ अर्धा अर्धा इंच बाहेरच्या अंगास दुमडावयाचे आहेत, म्हणजे शिल्लक 3 आणि 8 राहतात आणि हिशेब जुळतो. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून अर्ध्या इंचाचा चौकोन कापून टाकावा, अन्यथा दुमड बसत नाही. खांद्याचा पट्टा एक इंच रुंद आणि दोन तुकड्यांचा, 30 इंच आणि 16 इंच, मध्ये बक्कल. म्हणजे उंच आणि ठेंगण्या दोघींस चालतो. हे सर्व मिळून बरोबर 400 चौरस इंच होतात, म्हणजे पावणेतीन चौरस फुटांहून किंचित अधिक. डाग आणि कापातली नासधूस धरून चार फूट चामडे घ्यावे.

परंतु चामड्यास लगेच रापी लावू नये. आधी पुठ्ठा कापावा, चिकटपट्टीने जोडावा, आरशासमोर उभे राहून खांद्यास लावून पाहावा. पुठ्ठ्यावर चुकल्यास खर्च नाही. पुठ्ठा पसंत पडल्यावर तो चामड्यावर ठेवून आरीच्या टोकाने रेघ ओढावी आणि लोखंडी पट्टीच्या आधाराने कापावे. रापीला धार हवी. बोथट रापी सरळ रेघेत जात नाही आणि हातास मात्र सरळ जाते.

बाजूच्या पट्ट्यांचे काठ दुमडण्यापूर्वी आतून पाणी लावावे, पट्टीच्या कडेवर वळवावे, आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावून रात्रभर ठेवावेत. सकाळी वळण पक्के झालेले असते. जेथे दोन थर एकत्र येणार तेथे रापी आडवी धरून आतली बाजू तासून पातळ करावी. हे तासणे हीच या कामातली खरी विद्या. ती भाषणाने येत नाही. घरात कोणी वडीलधारे जाणते असतील तर त्यांच्याजवळ बसून घ्यावी. अर्धगोल कड्या, झाकणाचे टिचबटण, आतला खिसा, ही सर्व कामे पिशवी बंद करण्यापूर्वी उरकावीत. एकदा दोन्ही बाजू शिवल्या की आत हात जातो, हातोडी जात नाही. टिचबटणाच्या मागे चामड्याची एक लहान चकती घातली तर चामडे फाटत नाही.

आता शिवण. या ठिकाणी आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

मुख्य अंगाचा काठ आणि पट्टीचा दुमडलेला काठ पाठीला पाठ लावून सोल्यूशनचा पातळ हात देऊन चिकटवावेत. खिडकी उघडी ठेवावी, कारण त्या वासाने डोके चढते. मग कंपासपेटीतील कर्कटक घ्यावे. मुलांनी बाकांवर नावे कोरण्यापलीकडे त्याचा उपयोग केलेला आम्ही फारसा पाहिला नाही. येथे तो आहे. त्याची टोके चार मिलिमीटर अंतरावर पक्की करावीत. एक टोक काठास टेकवून दुसऱ्याने काठाला समांतर रेघ ओढावी, आणि नंतर त्याच रेघेवर कर्कटक पावले टाकीत चालवावे. प्रत्येक पावलाचा ठिपका म्हणजे एक भोक. इंचाला सहा टाके येतात.

एका बाजूची शिवण 19 इंच, दोन्ही मिळून 38, म्हणजे 228 टाके. एका बाजूस लागणारा दोरा शिवणीच्या चौपट घ्यावा, म्हणजे साधारण 76 इंच, आणि वर हातभर अधिक. त्यास मधमाशीचे मेण लावावे. मेणाने दोरा कुजत नाही आणि भोकात घट्ट बसतो. दोन्ही टोकांस बोथट सुया. पिशवी दोन गुडघ्यांत किंवा दोन फळ्यांमध्ये आवळून धरावी. आरीने भोक पाडावे, आरी सरळ आरपार जावी. आधी उजवी सुई, मग त्याच भोकातून डावी. दोन्ही टोके सारख्या जोराने ओढावीत. हा क्रम 228 टाक्यांत एकदाही बदलू नये. बदलला तर त्या जागी टाका वाकडा दिसतो आणि दुरून कळतो. शेवटी तीन टाके उलट फिरून दोरा कापावा, गाठ मारू नये.

यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की पुढची शिवण उसवू लागते. या दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात. एक झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. म्हणून हे काम यंत्राने जसेच्या तसे होत नाही, आणि म्हणूनच पॅरिसचा कारागीर अजून हाताने शिवतो.

शिवणीनंतर काठ. दोन्ही थरांचा काठ काचकागदाने घासून एकजीव करावा, डिंकाचे पातळ पाणी लावावे, आणि गुळगुळीत लाकडाने किंवा जाड कापडाने गरम होईतो रगडावे. नंतर मेण लावून पुन्हा रगडावे. काठ काचेसारखा झाला पाहिजे. बाजारातील स्वस्त पिशवी आणि उंची पिशवी यांतील भेद पाहावयाचा असेल तर बक्कल पाहू नये, काठ पाहावा.

आमच्या घरी आजवर अशा अकरा पिशव्या झाल्या. खाका आमचा, शिवण सूनबाईंची, आणि दोष काढण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींचे. तिघांतही हे शेवटचे खाते सर्वांत चोख चालते.

या पुढचा भाग थोडा अवघड आहे.

आमच्या शिक्षकी पेशात दर जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरून घ्यावा लागे. त्यात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असे. आपल्या समाजाची कित्येक मुले तेथे ‘मजुरी’ लिहीत. बाप बसस्थानकाजवळ गटईचे काम करतो हे आम्हांस ठाऊक असे, मुलालाही ठाऊक असे की आम्हांस ठाऊक आहे. तरी लेखणी ‘मजुरी’ लिही. आम्ही कधी खोडले नाही. लिहू द्यावे असेच वाटे, कारण त्या वर्गात दुसरी मुलेही होती आणि मधली सुट्टीही होती.

आज या पिशवीचा विषय काढताच एका पदवीधर तरुणाने आम्हांस विचारले, ‘गुरुजी, बापाने झाडाखालून उठून मला शिकविले, आणि तुम्ही मला परत झाडाखाली बसविता काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यास जन्मावरून काम लावले गेले, ज्यास त्या कामाबद्दल मोल मिळाले नाही आणि वर विटाळ मात्र मिळाला, त्याने ते टाकून द्यावे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडा म्हणून सांगितले ते याचसाठी. त्या तरुणाने नोकरी करावी, अधिकारी व्हावे. आम्ही त्याच्या हातात आरी देत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की ती आरी उकिरड्यावर टाकण्यापूर्वी दुसरे लोक तिचे काय करीत आहेत, ते एकदा पाहावे.

बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांचे चिरंजीव रथींद्रनाथ स्वतः चामड्याचे काम करीत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी प्रतिमादेवी यांनी शांतिनिकेतनच्या परिसरात ही कला वाढविली. भल्या घरच्या मुली ती शिकल्या. तेथील नक्षीदार चामड्याच्या पर्सा पुढे देशभर गेल्या आणि शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंस भौगोलिक मानांकनही मिळाले. चामडे तेच, आरी तीच. त्यांस कोणी विटाळ मानला नाही. उलट त्यास कला म्हटले. आम्ही ठाकूर कुटुंबास दोष देत नाही. त्यांनी चामड्यास हात लावला हे उत्तमच झाले. परंतु एकच काम एका घरात कला होते आणि दुसऱ्या घरात कलंक होते, तेव्हा दोष कामात नाही हे उघड आहे.

आणि कोल्हापुरी चपलेचे पाहा. 22 जून 2025 रोजी इटलीतील मिलान शहरी प्राडा या पेढीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला पुरुषांच्या पायांत घालून मिरविल्या, आणि कोल्हापूरचे नाव कोठेही घेतले नाही. 2019 मध्ये या चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन सर्वांस ठाऊक होते. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. येथून ओरड झाली, तेव्हा त्या पेढीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, आणि डिसेंबर 2025 मध्ये आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या महामंडळाशी करार केला. महामंडळ 1974 सालचे. त्याच्याविषयी या सभागृहात पुष्कळांच्या पुष्कळ तक्रारी आहेत, आमच्याही आहेत, परंतु मानांकन त्याच्या नावावर नसते तर त्या पेढीस बोलण्याचे कारणच पडले नसते.

नाव कागदावर असल्यामुळे हे घडले. म्हणून पिशवीच्या आत, खिशाच्या वर, शिवणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ठसवावे, असा आमचा आग्रह आहे. सूनबाईंची चौथी पिशवी एका शहरातील दुकानदारास फार आवडली. तो म्हणाला, ‘अशा महिन्याला दहा द्या, फक्त आतले नाव काढा, आम्ही आमचे लावू.’ सूनबाईंनी पिशवी परत घेतली. घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. चिरंजीवांचे म्हणणे पडले की दहा पिशव्यांचे पैसे घरात आले असते, आणि तेही खोटे नव्हते. ती पिशवी पुढे शेजारच्या एका परिचारिका बाईंनी घेतली, आणि त्यांच्या रुग्णालयातून आणखी दोघींची मागणी आली. दहा नव्हे, दोघींची. हेही आम्ही झाकून ठेवीत नाही.

मुंबईत सुधीर राजभर नावाच्या कलावंताने धारावीच्या कारागिरांस घेऊन पिशव्यांचे काम उभे केले आहे. 2015 च्या कायद्यानंतर चामड्याचे काम मंदावले, तेव्हा त्यांनी टाकाऊ रबराच्या पिशव्या केल्या, आणि नाव ठेवले ‘चमार स्टुडिओ’. जो शब्द शिवी म्हणून फेकला जाई तोच त्यांनी पाटीवर लावला. आपल्यापैकी कित्येकांस हे नाव रुचणार नाही. आम्हांसही प्रथम वाचताना कसेसे झाले. परंतु आमच्या रोहिदास महाराजांनी काय केले होते? त्यांनी आपल्या पदांत स्वतःच्या नावापुढे स्वतःचा व्यवसाय उघडपणे घातला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची चाळीसएक पदे आहेत. याच आपल्या नांदेडात 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथास गुरूपद दिले, आणि आजही येथून थोड्या अंतरावर सचखंड साहिबात त्या ग्रंथापुढे सर्व जातींचे लोक मस्तक टेकवितात. तेथे मस्तक टेकविणारा प्रत्येकजण त्या चर्मकाराच्या शब्दांपुढेही लवतो. त्यांनी रकान्यात ‘मजुरी’ लिहिले नव्हते.

किमतीविषयी दोन शब्द सांगून आटोपतो. आपल्या बाया चामडे, दोरा आणि बक्कल यांचा खर्च मांडतात आणि स्वतःचे हात फुकट धरतात. मिनिटास दोन टाके धरले तरी 228 टाक्यांस जवळजवळ दोन तास लागतात. कापणे, तासणे आणि काठ रगडणे यांचे तीन-चार तास निराळे. या तासांचे मोल, निदान गावातील शिंपी घेतो त्या दराने, किमतीत धरलेच पाहिजे. आणि ज्यास ते महाग वाटेल त्याच्याशी भांडू नये, त्यास काठ दाखवावा. हत्यारांसाठी 2023 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकारीचा समावेश आहे. तीत हत्यारांसाठी 15,000 रुपयांची मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. अर्जात व्यवसायाचा रकाना आहे, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

मंडळाच्या कार्यालयात पुढील महिन्यापासून दर रविवारी दुपारी तीन वाजता हातपिशवीचा वर्ग भरेल. सूनबाई शिकवितील, आम्ही फक्त मापे तपासू. येताना पुठ्ठा, लोखंडी पट्टी आणि मुलांच्या कंपासपेटीतील कर्कटक आणावे. ज्यांच्या घरी आजोबांची रापी माळ्यावर गंजत पडली असेल त्यांनी तीही आणावी. धार लावण्याचा दगड कार्यालयात ठेवला आहे.